जुलियाचा निकाहनामा

इम्रानने जुलियाशी निकाह करावा की नाही, या प्रश्नावर अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत १९७०च्या सुमाराला बायकांचे दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, बिचारी किती वर्षं झुरणार, आता हे दोघांचे हात पिवळे करून टाका. दुसऱ्या तटाचं म्हणणं, असा माणूस घर बसवणारा नव्हे. त्याने संसार मांडला तर मुल्काची हिफाजत कोण करणार? दुपारी जेवणं उरकली, पुरुष कामावर आणि मुलं झोपेत, की आमच्या दादीच्या दालानात वाळ्याच्या पडद्याआड ही बैठक भरायची. कुणाच्या मांडीवर निवडायची तूरडाळ, कुणाच्या हातात गोटा-किनार. बोलणं असं गंभीर, की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, मोहल्ल्यातल्याच एखाद्या मुलीचं स्थळ आलं आहे.

माझी फुफी दोन्ही तटांत नव्हती. तिचा प्रश्न निराळाच होता. ती म्हणायची, "पहले ये बोलो, जुलियाकू मालूम है क्या वो कौन है? जिसकू शौहर का असली नाम-काम मालूम नई, उसका कुबूल बोलना कायका कुबूल?" यावर बायका गप्प व्हायच्या. का गप्प व्हायच्या ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

ज्यांचं शिक्षण माझ्यासारखं मराठी शाळेत झालं, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इम्रान म्हणजे इब्ने सफी यांचा अली इम्रान. इब्ने सफी यांचं खरं नाव असरार अहमद. जन्म १९२८ चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. वडिलांचं नाव सफीउल्लाह, म्हणून टोपणनाव इब्ने सफी, सफींचा मुलगा. अश्लीलतेशिवाय उर्दूत पुस्तक खपत नाही असं कुणीतरी म्हटल्यावर त्यांनी हेरकथा लिहायला घेतल्या, ही हकीकत त्यांच्या प्रत्येक वाचकाला पाठ असते. मार्च १९५२ मध्ये अलाहाबादच्या अब्बास हुसैनी यांनी 'जासूसी दुनिया'चा पहिला अंक काढला. त्याच वर्षी लेखक कराचीला गेले, पण पुस्तकं दोन्हीकडे निघत राहिली. १९५५ मध्ये 'खौफनाक इमारत'पासून इम्रान सीरीज सुरू झाली. दोन्ही मालिका मिळून अडीचशेच्या आसपास पुस्तकं झाली. हिंदीतही ती येत. तिथे कर्नल फरीदीचा विनोद झाला होता आणि इम्रानचा राजेश. आमच्या शेजारच्या देशपांडी वळणाच्या एक काकू हिंदी आवृत्त्या वाचायच्या. त्या खिडकीतून विचारायच्या, "तुमच्या इम्रानचं काय झालं हो?" आणि दादी उत्तर द्यायची, "तुमचा राजेश जसा आहे तसाच. खोटं बोलतो नि च्युइंगम चघळतो."

इम्रान विलायतेत शिकलेला डॉक्टरेटवाला माणूस, पण वागणं मूर्खासारखं. बाप मोठा पोलीस अधिकारी. त्याने घराबाहेर काढलेलं. फ्लॅटमध्ये सुलेमान नावाचा आचारी, जो मालकापेक्षा जास्त बोलतो. आणि हा मूर्ख इम्रानच प्रत्यक्षात गुप्त सेवेचा प्रमुख, एक्स-टू. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसांनाही हे ठाऊक नाही. त्यांना फोनवर एक्स-टूचा थंड, भरडा आवाज तेवढा ऐकू येतो. त्या माणसांत एक स्विस बाई, जुलियाना फिट्झवॉटर. ती इम्रानवर जीव टाकते आणि एक्स-टूला थरथर कापते. दोघं एकच आहेत हे वाचकाला माहीत, तिला नाही. इब्ने सफींनी पंचवीस वर्षं हा पेच सोडवला नाही.

याला निव्वळ हेरकथा म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यात विज्ञानाची कल्पनाही भरपूर होती. झिरोलँड नावाची एक छुपी सत्ता होती. ती कुठे आहे कुणाला माहीत नाही, पण तिच्याकडची यंत्रं जगाच्या पुढे. तिची मुख्य बाई थ्रेसिया बंबल-बी ऑफ बोहेमिया. तिचाही इम्रानवर जीव. 'जासूसी दुनिया'त तर 'तूफान का इगवा' या पुस्तकात फौलादमी नावाचा लोखंडी यंत्रमानव होता, आणि तो १९५७ सालचा. आमच्याकडे मराठीत बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार घराघरात होता, पण तो विज्ञानाच्या वाटेने फारसा गेला नाही. पुढे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' लिहिली, नारायण विनायक जगताप या नावाने स्पर्धेला पाठवली, आणि मराठी विज्ञानकथा भरभराटीला आली. त्या कथा मला आवडतात. पण त्यांत कल्पना राज्य करते, माणसं कथेबरोबर येतात आणि कथेबरोबर जातात. पंचवीस वर्षं जिच्यासाठी डाळ निवडता निवडता झुरावं अशी जुलिया तिथे मला भेटली नाही.

आता नकलांविषयी, कारण माझ्या विषयाचं एक टोक तिथे आहे. १९६० ते १९६३ इब्ने सफी आजारी होते, मनाच्या आजाराने. लिहिणं बंद पडलं. वाचकांना मात्र दर महिन्याची सवय. मग बाजारात एन. सफी आले, इब्बन सफी आले. उर्दूत 'इब्ने' आणि 'इब्बन' यांची अक्षरं एकच, फरक फक्त एका तश्दीदचा, आणि मुखपृष्ठावर तश्दीद देतो कोण? लोक फसून घेत. यांतल्या कित्येक पुस्तकांत इम्रान आणि जुलिया यांची प्रेमप्रकरणं रंगवलेली असत, आणि रंग जरा जास्तच असे. फुफी असं पुस्तक चार पानांत ओळखायची. "ये अपना इम्रान नई," म्हणून ते पालथं घालून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या चाच्याला लायब्ररीवाल्याशी भांडायला पाठवायची. १९६३ च्या अखेरीस 'डेढ़ मतवाले' आलं. भारतात त्याचं प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं, आणि खरा इम्रान परतला.

ती लायब्ररी म्हणजे टिळक रोडच्या आतल्या गल्लीतलं एक दुकान होतं, चार फूट रुंद. रोजाच्या भाड्यावर पुस्तक मिळे. बायका तिथे जात नसत. चाचा पुस्तक आणी, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असे, आणि एका रात्रीत ते आमच्या घरात फुफी, चाची, शेजारची आपा असं तीन हातांतून फिरून सकाळी परत जाई. भाडं एका दिवसाचं, वाचणारे सात. माझे अब्बा अमरावतीला नोकरीला होते आणि त्यांनी मला मराठी शाळेत घातलं. ते म्हणत, या मुलुखात राहायचं तर इथली भाषा पक्की पाहिजे. उर्दू घरी शिकवू. ते घरी शिकवणं राहून गेलं. मी कुरआन वाचू शकायची, पण उर्दूची घसरती नस्तालीक लिपी डोळ्याला लागत नव्हती. मे महिन्यात बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला यायची, मूर्तिजापूरला शकुंतलेचा छोटा डबा उभा दिसायचा, आणि दादीच्या घरी पोचले की पहिली मागणी, "फुफी, इम्रान सुनाव." अकोल्याचा मे म्हणजे काय ते अकोलेकरांना सांगायला नको. त्या उन्हात बाहेर जायची सोय नव्हती, म्हणून माझं सगळं इब्ने सफी कानाने झालेलं आहे.

फुफी जे ऐकवायची त्यातलं काही छापील नव्हतं, हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

इथे तिच्याबद्दल सांगणं भाग आहे. १९६४ मध्ये तिचं लग्न खानदेशातल्या एका घरी झालं. माणूस दिसायला चांगला, धंदा सांगितला कापसाचा. पाच-सहा महिन्यांनी एक बाई दोन मुलांना घेऊन दारात आली. ती त्याची पहिली बायको. धंदाही सांगितला तो नव्हता. दुसरी बायको करणं त्याला शरीयतने मना नव्हतं, हे सगळ्यांनी फुफीला समजावलं. ती म्हणाली, दुसरी करण्याबद्दल मी बोलतच नाही, मला सांगितलं का नाही ते विचारा. अकरा महिन्यांत ती परत आली. दादांनी मेहर सोडून देऊन खुला घेतला. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा होता, त्यात स्त्रीला कोर्टात जायची वाट होती, पण कोर्टाची पायरी आमच्या घराने चढली नाही. त्यानंतर तिने शिलाई मशीन घेतलं आणि मोहल्ल्यातल्या मुलांना नाजरा कुरआन शिकवू लागली. पुन्हा लग्नाचं तिने नाव काढू दिलं नाही.

आणि रात्री ती लिहायची. शिलाईचा हिशेब ठेवायच्या वह्या होत्या, तपकिरी पुठ्ठ्याच्या. पुढून हिशेब, मागून इम्रान. उर्दू उजवीकडून लिहायची आणि आकडे डावीकडून, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वहीत न अडखळता नांदत. पहिल्या पानावर ७८६ आणि खाली 'इम्रान सीरीज, नंबर नहीं'. दादी रागवायची, "रख वो कापी, असर का वखत जा रहा." पण दुपारी बैठकीत तीच पहिली विचारायची, मग पुढे काय झालं?

पहिल्या वहीची गोष्ट लोणारला घडते. चाचाच्या कामानिमित्त ही मंडळी एकदा मेहकरला गेली होती, तेव्हा फुफीने लोणारचं विवर पाहिलं. पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद असा गोल खड्डा, तळाशी खारं पाणी, काठाला दाट झाडी. ते विवर ज्वालामुखीचं की उल्केचं यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद होता. १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ते उल्केच्या आघाताचं असल्याचं पुराव्यासकट आलं. फुफीने त्याआधीच निकाल देऊन टाकला होता की झिरोलँडचं यान तिथे उतरलं. यान तळ्याच्या तळाशी आहे, पाण्यातला खार हा त्याच्या इंधनाचा आहे, आणि म्हणून त्यात मासे जगत नाहीत. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. तेव्हा जिवाणू आणि क्षारता वगैरे कारणं पेपरात आली. मला मात्र वाटलं, फुफी असती तर एक नवी वही सुरू झाली असती.

इम्रान आणि जुलिया बडनेऱ्याला गाडीतून उतरतात. इम्रान स्टेशनवर केळीवाल्याशी मूर्खासारखी हुज्जत घालतो. इथपर्यंत हुबेहूब इब्ने सफी. मग दोघं लोणारला पोचतात आणि थ्रेसियाच्या हाती सापडतात. तळ्याखाली एक काचेची खोली आहे. फुफीने तिचं नाव ठेवलं होतं 'सच का कमरा'. त्या खोलीत असा काही लहरींचा खेळ आहे की माणूस खोटं बोलला तर ओठ हलतात, पण आवाज निघत नाही. दोघांना कोंडून थ्रेसिया निघून जाते. जुलिया विचारते, आपण इथून सुटू का? इम्रान काहीतरी विनोद करतो. ओठ हलतात. आवाज नाही. ती पुन्हा विचारते. पुन्हा ओठ हलतात. ही गंमत चार पानं चालते. ज्या माणसाने आयुष्यभर सोंगच वागवलं त्याला त्या खोलीत आवाजच नाही. मला आठवतं, इथे आम्ही मुलं हसून लोळायचो आणि बायका हसायच्या नाहीत.

जुलिया शेवटी विचारते, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? इम्रान बराच वेळ ओठ मिटून बसतो. मग त्या खोलीत त्याचा पहिला आवाज उमटतो, आणि तो प्रेमाचा शब्द नसतो. तो सांगतो की एक्स-टू मीच आहे.

आजच्या कुठल्याही कथालेखकाने हेवा करावा अशी ही जागा आहे असं माझं मत आहे, नात्याचा पक्षपात वजा करूनही. नक्कलवाल्यांनी इम्रानला जुलियाच्या मिठीत टाकलं आणि त्याला प्रणय म्हटलं. फुफीला त्या मिठीआधी एक हिशेब पुरा करायचा होता. त्यानंतर जुलिया काय करते? रडत नाही. ती राजीनामा लिहिते. म्हणते, ज्या माणसाचे हुकूम मी एवढी वर्षं पाळले आणि ज्याच्यावर मी एवढी वर्षं हसले, तो एकच होता आणि मला सांगितलं नाही. दुसरी वही इथून सुरू होते. त्यात इम्रान तिची मनधरणी करत फिरतो, चिखलदऱ्याच्या थंडीत तिच्या बंगल्याबाहेर रात्रभर उभा राहतो. सुलेमान गरम अंडी घेऊन येतो आणि स्वतःच खाऊन टाकतो. हा भाग लांबला आहे. फुफीला चिखलदरा फार आवडायचा.

आणि मग निकाहची चर्चा. वहीत नव्हे, बैठकीत. जुलिया ईसाई. ती कलमा पढणार की नाही? एक आपा म्हणाली, त्याशिवाय कसं होईल. यावर दादीने निकाल दिला की ती अहले किताब, तिच्याशी मुसलमान मर्दाचा निकाह तसाही जायज आहे, मग जबरदस्ती कशाला? तिचा वली कोण? तिला तर मायबाप नाहीत. फुफीने सांगितलं, आपल्या हनफी मसलकात बालिग बाई स्वतःचा निकाह स्वतः करू शकते, मी मौलानांना विचारून घेतलंय. मौलानांना तिने कुणाचा निकाह म्हणून सांगितलं होतं कोण जाणे. गवाह कोण? एक सफदर. दुसरा तनवीर, असं फुफी म्हणाली आणि बैठकीत एकच कल्ला झाला, कारण तनवीर स्वतः जुलियावर मरत असतो. "उसीकू गवाह बनाना," फुफी शांतपणे म्हणाली, "वो बराबर सुनेगा, एक लफ्ज छूटने नई देगा."

निकाहचा प्रसंग तिसऱ्या वहीत होता. ती वही माझ्याकडे नाही. पण दुसऱ्या वहीच्या शेवटी, हिशेबाची पानं जिथे येऊन भिडतात तिथे, तिने कच्चा निकाहनामा लिहून ठेवला आहे. अटी अशा: नवऱ्याची जितकी नावं आहेत तितकी सगळी लिहावीत, आणि प्रत्येक नावाखाली त्या नावाने काय काम करतो ते लिहावं. आधी निकाह झालेला नाही याबद्दल हलफ घ्यावा. यांतलं काही खोटं निघालं तर तलाकचा हक बायकोच्या हाती राहील. जुलिया नोकरी सोडणार नाही, आणि पगार तिचा. मेहर म्हणून इम्रानची टू-सीटर मोटार, ताबडतोब द्यायची.

तलाकचा हक असा अटीवर बायकोकडे सोपवण्याला फिकहमध्ये तफवीज म्हणतात. ती नवी गोष्ट नाही, शेकडो वर्षं किताबांत आहे. आमच्या वऱ्हाडात मात्र काजीसाहेबांच्या छापील रजिस्टरात नाव, बापाचं नाव, मेहर, गवाह एवढेच रकाने असत. अटी लिहायला जागा नसे आणि मागायला कुणी धजत नसे. २००५ मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने भोपाळला नमुना निकाहनामा मंजूर केला, तेव्हा त्यावर किती चर्चा झाली ते आपल्याला आठवत असेल. अपुरा आहे म्हणून काही महिला संघटनांनी टीका केली आणि पुढे स्वतःचे निकाहनामे काढले. तो मसुदा वाचताना मी फुफीची वही शेजारी ठेवली होती. तिचा मसुदा जास्त कडक आहे.

ही असली लिहिणी आपल्या अदबात कुठे बसतात? कुठेच नाही, असं उत्तर मला एका जाणत्याने दिलं होतं. ते जाणते उर्दूचे. दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिणं म्हणजे उष्टं खाणं, असं ते म्हणाले. मला हे पटलेलं नाही. 'दास्तान-ए-अमीर हमजा' कुणा एकाची आहे का? लखनौच्या नवल किशोर छापखान्याने तिचे ४६ खंड काढले. त्यातल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले आणि उरलेले अहमद हुसैन कमर यांनी. पात्रं तीच, हात बदलला. लैला-मजनू निजामीने लिहिलं, मग अमीर खुसरोने लिहिलं. सूरह यूसुफमध्ये अजीजच्या पत्नीचं नावही येत नाही. तिला जुलेखा म्हणून, तिच्या विरहाची आणि शेवटी निकाहची कहाणी तफसीरकारांनी आणि शायरांनी रचली, जामीने पंधराव्या शतकात त्यावर मसनवी लिहिली. वाचणाऱ्याचं मन भरलं नाही की तो पुढचं स्वतः लिहितो. शायर असेल तर त्याला मसनवी म्हणतात. अकोल्याची दर्जन असेल तर टाइमपास.

याच वर्षांत दूर अमेरिकेत हेच चाललं होतं, हे मला अलीकडे वाचायला मिळालं. 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली मालिका तिथे १९६६ ते १९६९ या काळात टीव्हीवर चालली. आपल्याकडे ती पुढे दूरदर्शनवर आली. तिच्यावर जीव असलेल्या प्रेक्षकांनी १९६७ मध्ये 'स्पॉकनेलिया' नावाचा अंक काढला, घरगुती छपाईचा. त्यात कॅप्टन कर्क, स्पॉक यांच्यावर स्वतः रचलेल्या कथा होत्या. लिहिणाऱ्या बहुतेक बायका. प्रेमकथा लिहायच्या, टपालाने एकमेकींना पाठवायच्या. मालिका बंद पडली तरी लिहीत राहिल्या. १९७३ मध्ये पॉला स्मिथ या बाईने त्यांचीच थट्टा करणारी कथा लिहिली, तिची नायिका मेरी सू. लेखिकेने कथेत स्वतःलाच सुंदर, हुशार करून घुसवलेल्या अशा पात्राला तेव्हापासून मेरी सू म्हणतात. पुढे विद्यापीठांतून यावर पुस्तकं निघाली. २०१९ मध्ये तर अशा हौशी कथांच्या एका मोठ्या संग्रहाला विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

मेरी सूची हकीकत वाचल्यावर मी फुफीच्या वह्या त्या नजरेने पुन्हा चाळल्या. फुफी आहे का कुठे? आहे. दुसऱ्या वहीत जुलियाचा निकाहचा जोडा शिवणारी एक दर्जन येते. तिला नाव नाही, रूपाचं वर्णन नाही. ती माप घेते आणि जुलियाला एकच गोष्ट विचारते, "कागज पढके दस्तखत करोगी ना?" दीड पानात ती निघून जाते.

आपलं पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापूरला झालं. तेव्हापासून आपण आपल्या जगण्याचं मराठीत लिहितो आहोत: दंगल, गरिबी, तलाक, ओळख. ते लिहायलाच हवं. तरी मला वाटत राहतं की मुसलमान बाई आपल्या लिखाणात नेहमी दुःख भोगतानाच का दिसते. ती दुपारी डाळ निवडताना यानं, यंत्रमानव आणि एका स्विस बाईच्या मेहरची वाटाघाट करते, हेही आपलंच जगणं. फुफीला कुणी विचारलं असतं की तुझ्या तलाकवर लिही, तर तिने वही मिटली असती. इम्रानचं लिहायला सांगितलं तर तिने ते सगळं लिहिलं.

इब्ने सफी २६ जुलै १९८० ला कराचीत वारले. जन्मतारीखही बहुतेक ठिकाणी २६ जुलैच देतात. इम्रानचं शेवटचं पुस्तक 'आखरी आदमी' त्यांच्या मागे निघालं. इम्रान तसाच राहिला, जुलिया तशीच. पुढे मुलतानच्या मजहर कलीम यांनी इम्रानवर शेकडो पुस्तकं लिहिली, ते २०१८ मध्ये गेले. इंग्रजीत इब्ने सफींचे अनुवाद निघाले, 'जासूसी दुनिया'तल्या चार कादंबऱ्या तर २०११ मध्ये शम्सुर्रहमान फारूकींसारख्या थोर समीक्षकाने इंग्रजीत नेल्या. म्हणजे उष्टं म्हणणाऱ्यांनी निदान मूळ ताट तरी मान्य केलं. फुफीने १९८० नंतर काही लिहिलं नाही. बातमी आली त्या दिवशी तिने मशीन बंद ठेवलं. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अब किसके आगे लिखना? वो थे तो लगता था, कबी पढ लेंगे."

ती २००३ मध्ये गेली. दोन वह्या माझ्याकडे आल्या. तोवर मी उर्दू लिपी शिकले होते, पन्नाशीच्या अलीकडे, अमरावतीच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे. छापील चालतं, फुफीचा हात मात्र अवघड. नुक्ते ती घाईत गाळते. आता मी त्या देवनागरीत उतरवते आहे, आणि गोष्ट मराठीत करते आहे. संवाद तसेच ठेवलेत. अडचणी मजेशीर येतात. निकाहनाम्यात तिने मेहर 'मुअज्जल' लिहिलं आहे. हा शब्द उर्दूत दोन तऱ्हांनी लिहितात. ऐनने लिहिला तर मेहर लगेच द्यायचा, हमजाने लिहिला तर पुढे कधीतरी, म्हणजे बहुतेकदा कधीच नाही. कानाला दोन्ही एकसारखे, देवनागरीतही दोन्ही एकसारखे. फुफीने ऐन काढला आहे, मोठा, आणि त्याच्याभोवती शाईने वर्तुळ. मराठीत मी 'रोख' असा शब्द घातला. शेजारच्या काकूंच्या सूनबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, बरोबर आहे, उधारीचं लग्न कशाला?

तिसरी वही गल्लीतल्या एका मुलीने वाचायला नेली होती. १९७९ मध्ये तिचं लग्न मूर्तिजापूरच्या बाजूला झालं आणि वही तिच्या संदुकीतून गेली. ते घर पुढे कारंज्याला हलल्याचं ऐकते. दोनदा जाऊन आले, पत्ता लागला नाही. या अंकाचे वाचक त्या भागात पुष्कळ आहेत. कुणाच्या घरी जुन्या कागदांत तपकिरी पुठ्ठ्याची वही असेल, एका बाजूने सलवार-कुडत्यांची मापं आणि दुसऱ्या बाजूने ७८६ खाली 'इम्रान सीरीज, नंबर नहीं', तर ती रद्दीत देऊ नका. संपादकांकडे कळवा. इम्रानने सगळी नावं लिहून दिली की नाही, एवढं तरी मला पाहायचं आहे.